जुन्या एफ-१०० ला पुढे काय टाकायचं: मूळ एक्सल, मस्टँग टू की क्राऊन व्हिक?

१९५३ ते ५६ ची फोर्ड एफ-१०० पिकअप हातात आली की लोक आधी रिम घेऊन मोकळे होतात आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. रिम सगळ्यात शेवटी घ्यायची. आधी गाडी किती खाली बसवायची आणि टायर केवढा हे ठरवा, मग पुढचा एक्सल आणि स्टिअरिंग, आणि ते सगळं बसल्यावर मडगार्डच्या आत जी जागा उरेल ती मोजून रिमची ऑर्डर द्या. अमेरिकेत या ट्रकसाठी तीन रस्ते जास्त चालतात आणि तिन्हींची रिम वेगळी.

मूळ एक्सल म्हणजे सरळ आय-बीम (दोन्ही चाकांना जोडणारा एकच दांडा), पाटे, किंगपिन (ज्या खिळीवर चाक वळतं ती). याला उगाच नावं ठेवतात असं माझं मत आहे. किंगपिन आणि पाट्यांचे बुश नवीन टाकले, रेडियल टायर लावले, पाटा आणि एक्सलच्या मध्ये पाचर घालून कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) थोडा वाढवला की गाडी हायवेला पण गुमान सरळ जाते. पार्किंग करताना हात दुखतात ते दुखतातच, त्याला पॉवर स्टिअरिंग बॉक्सचं किट मिळतं, डिस्क ब्रेकचं पण मिळतं, फक्त काही डिस्क किट चाक थोडं बाहेर ढकलतात ते आधी विचारून घ्या. पीसीडी (चाकाचे बोल्ट ज्या वर्तुळावर बसतात त्याचं माप) ५ बोल्ट x ५.५ इंच म्हणजे १३९.७ मिमी, आपल्या मारुती जिप्सीचा पण हाच (म्हणून लगेच जिप्सीची रिम उचलू नका, मधलं भोक आणि ऑफसेट, म्हणजे हबला टेकणारी जागा रिमच्या मध्यापासून किती आत-बाहेर आहे, ते पण बघावं लागतं). खरी अडचण खाली बसवताना येते, चेसीच्या मानाने एक्सल वर गेला की ड्रॅग लिंकचा (स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचा) कोन बिघडतो आणि खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप वळल्यासारखं होतं.

मस्टँग टू म्हणजे १९७४ ते ७८ च्या त्या छोट्या मस्टँगचं डिझाईन, आता सगळे पार्ट किटमध्ये नवेच येतात. दोन्ही चाकं स्वतंत्र, रॅक-पिनियन स्टिअरिंग, पीसीडी बहुतेक ५ x ४.५ इंच, आणि हब ते हब रुंदी साधारण ५६.५ इंच. या रुंदीमुळे जुन्या स्टाईलच्या साध्या रिम बसतात. १५ x ७ ची ४ इंच बॅकस्पेस (रिमच्या आतल्या कडेपासून हबला टेकणाऱ्या जागेपर्यंतचं अंतर) असलेली रिम धरा, रिमची रुंदी आतल्या कडांमध्ये मोजतात त्यामुळे बाहेरून ती भरते ८ इंच, म्हणजे ऑफसेट शून्य. त्यावर २१५/७०आर१५ टायर, उंची २७ इंचाच्या आसपास, मागे २५५/७०आर१५, तो २९. हा जोड या ट्रकवर झकास दिसतो.

पण हे वेल्डिंगचं काम आहे आणि चुकलं की परत चेसी कापायची. गाडी शेवटी ज्या तिरकेपणात उभी राहणार त्याच तिरकेपणात चेसी टेकवून मग टॅक (वेल्डिंगचे तात्पुरते टाके) मारा. ११० इंच व्हीलबेसवर मागची बाजू नंतर २ इंच उचलली तर साधारण १ डिग्री कॅस्टर गेला, आणि कॅस्टर गेला की गाडी रस्त्यावर भटकते, मग लोक रॅकला शिव्या देतात. फोर्डच्या पॉवर रॅकला जीएमचा (जनरल मोटर्सचा) पंप लावला तर प्रेशर जास्त होऊन स्टिअरिंग भलतंच हलकं होतं, त्यासाठी प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह मिळतो. स्टिअरिंगच्या दांड्याला तीन जॉईंट लागले तर मध्ये सपोर्ट बेअरिंग पाहिजेच.

क्राऊन व्हिक म्हणजे २००३ ते ११ च्या पोलीस-टॅक्सीवाल्या फोर्ड क्राऊन व्हिक्टोरियाचा अख्खा पुढचा पाळणा, म्हणजे सस्पेन्शन-स्टिअरिंग बसवलेला सांगाडा. अॅल्युमिनियमचा क्रॉसमेंबर, रॅक, मोठे ब्रेक, सगळं भंगारातून एका फटक्यात निघतं आणि किटच्या मानाने स्वस्त पडतं. गाडी चालते पण मस्त. अडचण रुंदीची, हा पाळणा फार रुंद आहे. त्याला भरपूर पॉझिटिव्ह ऑफसेटची, बहुतेक १७ इंच किंवा मोठी रिम लागते, म्हणजे बाहेरून सपाट चेहऱ्याची. खोल बशीसारखी रिम डोक्यात असेल तर हा नाद सोडा, चाक मडगार्डच्या बाहेर येईल.

स्पेसर (हब आणि रिमच्या मध्ये घालायची चकती) टाकून भागवू असं पण कोणीतरी सुचवेलच. चाक बाहेर गेलं की स्क्रब रेडियस (चाक वळण्याचा अक्ष जमिनीला जिथे भिडतो तिथपासून टायरच्या मध्यापर्यंतचं अंतर) बदलतो, स्टिअरिंग जड होतं, खड्ड्याचा धक्का हातात येतो आणि बेअरिंगवर जास्त लोड. तिन्ही प्रकारांत तपासणी एकच: स्प्रिंग काढा, चाक पूर्ण वर न्या, मग डावीकडे उजवीकडे शेवटपर्यंत वळवा. नुसती उभी गाडी बघून माप घेतलं तर वळणावर टायर मडगार्डला घासणार.

इंजिन मूळचं सिक्स सिलिंडर असेल आणि रविवारी गावातच फिरणार असाल तर मी एक्सल कापणार नाही. मोठा व्ही-एट, रोजचा हायवे, रिम जुन्या वळणाची असेल तर मस्टँग टू. क्राऊन व्हिक त्यांनीच घ्यावं ज्यांना वेल्डिंग येतं आणि मॉडर्न चाकं मनापासून आवडतात. भारतात कोणी असलं करायच्या विचारात असेल तर आधी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा, कंपनीच्या स्पेसिफिकेशनच्या बाहेरचे बदल त्यात अडकतात.

आणि मागचं विसरू नका, पुढे ५ x ४.५ झालं की मूळ मागचा एक्सल ५ x ५.५ च राहतो आणि स्टेपनी पुढे किंवा मागे एकाच ठिकाणी चालते. त्यावर उपाय म्हणून लोक १९९५ ते २००१ च्या फोर्ड एक्सप्लोररचा ८.८ नावाचा मागचा एक्सल टाकतात, पीसीडी पुढच्यासारखाच ५ x ४.५, डिस्क ब्रेक येतात आणि पाट्यांवर बसतो पण.