मालकाच्या रकान्याशेजारचा रकाना: जुन्या घरांचा शोध घेणाऱ्या एका सेवेविषयी

अंबाजोगाईत मंडी बाजाराच्या मागच्या अंगाला आमची गल्ली आहे. दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या तर एकीला मागे सरावे लागेल, एवढीच तिची रुंदी. माझ्या लहानपणी तिच्यात नऊ माळवदी (सपाट मातीच्या छताची) घरे होती. आज सहा उभी आहेत आणि त्यांतल्या दोन घरांच्या ढाळजेचे, म्हणजे दारालगतच्या ओसरीचे, छत गेल्या दोन पावसाळ्यांत खाली आले आहे. उरलेली घरेही पडण्याआधी त्यांत कोण कोण राहून गेले याची नीट नोंद व्हावी, या इच्छेने गल्लीतल्या चार कुटुंबांनी मिळून छत्रपती संभाजीनगरातील एका शोधसेवेला हे काम दिले. जुन्या घरांचे पूर्वीचे रहिवासी कागदपत्रांतून शोधून देणे, एवढेच काम ही सेवा करते. तिघे जण मिळून ती चालवतात: भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ, मोडी वाचणाऱ्या आणि शिकवणाऱ्या एक बाई, आणि शिकस्ता (घाईच्या, मोडक्या) वळणाची उर्दू सहज वाचणारे एक वयोवृद्ध शिक्षक. हातात आधीच पुष्कळ कामे असल्यामुळे नाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे आणि ती मी पाळतो आहे. मोडी शिकणाऱ्या मंडळींत चौकशी केल्यास त्यांचा ठावठिकाणा लागतो.

त्यांनी घरामागे ४,५०० रुपये घेतले. नकलांचे शुल्क आणि प्रवासखर्च वेगळा. काम तीन महिन्यांत होईल असे सांगितले होते, प्रत्यक्षात सात महिने लागले. या दिरंगाईचे कारण खरे आहे, हे मी मान्य करतो. कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हापासून मराठवाड्यात मोडी आणि जुनी उर्दू वाचणाऱ्या माणसाला उसंत राहिलेली नाही. तरीही मुदत वाढणार असल्याचे त्यांनी आपण होऊन कळवायला हवे होते. प्रत्येक वेळी फोन आम्हालाच करावा लागला.

या सेवेकडे जाण्याआधी मी स्वतः वर्षभर खटपट केली होती. एका कार्यालयात अकरा खेपा घातल्या, तेव्हा कुठे आमच्या घराच्या जुन्या नोंदीची नक्कल हाती पडली, आणि तीही शेजारच्या घराची निघाली. पण खरी अडचण ती नव्हती. मी जे कागद गोळा करत होतो, म्हणजे मालमत्ता पत्रक, फेरफार, खरेदीखत, ते सगळे मालकाचे नाव सांगणारे होते. घराचा मालक आणि घरात राहणारा माणूस हे वेगळे असू शकतात, ही साधी गोष्ट त्या कागदांच्या गठ्ठ्यात माझ्या लक्षातूनच निसटली होती. आमच्या गल्लीतले एक घर तीस वर्षे एकाच सावकाराच्या नावावर होते आणि त्या तीस वर्षांत तो सावकार एक रात्रही तिथे झोपला नव्हता.

या तिघांनी पहिल्याच बैठकीत मला विचारले, ‘नगरपालिकेच्या करआकारणीच्या जुन्या नोंदवह्या पाहिल्यात का?’ त्या नोंदवहीत मालकाच्या नावाशेजारी भोगवटादाराचा, म्हणजे प्रत्यक्ष राहणाऱ्याचा, रकाना असतो. घर कोणाचे आहे हे पहिल्या रकान्यावरून कळते, तर चूल कोणाची पेटत होती हे दुसऱ्यावरून. मला वाटते, या सेवेची सगळी किंमत या एका दृष्टीत आहे. आम्हाला मिळालेल्या पुस्तकात प्रत्येक घराची दोन स्वतंत्र कोष्टके आहेत, एक मालकांचे आणि एक राहणाऱ्यांचे, आणि दुसरे कोष्टक जवळजवळ प्रत्येक घराच्या बाबतीत पहिल्यापेक्षा लांब आहे. भाड्याने राहिलेले मास्तर, एसटीचे वाहक, १९७२ च्या दुष्काळात खेड्यातून येऊन परसातल्या छपरात राहिलेले आणि मग इथलेच झालेले एक विणकर कुटुंब, सत्तरच्या दशकात गावात वैद्यकीय महाविद्यालय झाल्यावर माडीवर राहायला आलेल्या परिचारिका. ही सगळी माणसे त्या दुसऱ्या कोष्टकात आहेत. भोगवटादाराचा रकाना जिथे कोरा होता, तिथे त्यांनी शाळांची दाखल-खारीज रजिस्टरे, जुन्या मतदार याद्या आणि जन्म-मृत्यूच्या नोंदी यांवरून तो भरून काढला आहे.

मराठवाड्यात हे काम पश्चिम महाराष्ट्रापेक्षा अवघड का आहे, हे मला या निमित्ताने समजले. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या हैदराबाद राज्यात होतो आणि तिथल्या कारभारात १८८० च्या दशकात फारसीची जागा उर्दूने घेतली होती. त्यामुळे आमच्या घरांचे सरकारी कागद उर्दूत, देशपांडे-कुलकर्ण्यांच्या घरातले खाजगी कागद मोडीत, आणि १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आल्यानंतरचे कागद बाळबोध मराठीत आहेत. एकाच घराची साखळी जुळवायची तर तिन्ही वाचता यावे लागते. वरिष्ठ पातळीवरच्या जुन्या कागदांसाठी तर अजूनही हैदराबादेत तारनाक्याच्या पुराभिलेखागारात जावे लागते. त्यात गावाचे नाव अंबाजोगाई म्हणून शोधत बसलात तर काहीच सापडत नाही, कारण त्या काळच्या कागदांत आपले गाव मोमिनाबाद आहे आणि जिल्हा भीर आहे. वर्षभर मी चुकीच्या नावाने गाव शोधत होतो.

सगळ्यांत चांगले काम त्यांनी चौथ्या घराचे केले. त्या घराचा १९५० पूर्वीचा एकही कागद शिल्लक नाही. मालकांकडचा पेटारा वाळवीने खाल्ला आहे. तेव्हा त्यांनी तिसऱ्या आणि पाचव्या घराचे बैनामे (खरेदीखते) काढले आणि त्यांतल्या चतुःसीमा, म्हणजे चारी बाजूंना काय आहे तो मजकूर, वाचल्या. तिसऱ्या घराच्या खतात पूर्वेला कोणाचे घर आहे ते लिहिलेले असते, पाचव्याच्या खतात पश्चिमेला कोणाचे. दोन्ही बाजूंनी मधल्या घराचा धनी हाती लागतो. असे पाच कागद जोडून त्यांनी चाळीस वर्षांतली तीन नावे मिळवली. पण त्याच पानावर तळाशी त्यांनी एक इशारा दिला आहे, आणि त्यावरून मला त्यांच्यावर पूर्ण भरवसा बसला: खतलेखक चतुःसीमा बहुधा आधीच्या खतावरून जशीच्या तशी उतरवत असत, म्हणून सीमेत ज्याचे नाव आहे तो त्या वर्षी हयात होता आणि तिथेच राहत होता, असे धरून चालू नये. तीन नावांपैकी एकापुढे त्यांनी ‘संशयित’ असा शेरा मारला आहे. पैसे घेऊन काम करणारा माणूस आपल्याच निष्कर्षापुढे असा शेरा मारतो, हे मी फार क्वचित पाहिले आहे.

दुसऱ्या घराच्या ढाळजेत, दिंडी दरवाजाच्या आतल्या बाजूच्या तुळईवर, काजळी आणि चुन्याच्या थरांखाली काही अक्षरे होती. आम्ही लहानपणी तिथेच पाय सोडून बसायचो, पण ती अक्षरे कधी कोणी वाचली नव्हती. मोडी वाचणाऱ्या त्या बाईंनी लोखंडी वस्तू लाकडाला लावू दिली नाही. मऊ कुंचल्याने धूळ काढली, विजेरी तुळईला जवळजवळ समांतर धरली, आणि तिरप्या उजेडाच्या सावलीत एकेक अक्षर उठू लागले: ‘शके १८११ विरोधीनाम संवत्सरे’. शके १८११ म्हणजे १८८९-९०. त्यांनी लगेच संवत्सरचक्र, म्हणजे वर्षांच्या साठ नावांचे चक्र, मोजून पाहिले आणि १८११ ला विरोधी हेच संवत्सर येते याची खात्री केली. नंतर कोणी हौसेने खोटे जुने साल कोरले असते तर संवत्सराचे नाव चुकण्याचा संभव होता. मात्र या कोरीव सालावरून घर त्या वर्षी बांधले असा निष्कर्ष त्यांनी काढला नाही. तुळई दुसऱ्या पडक्या वाड्यातून आणून बसवण्याची रीत आपल्याकडे होतीच, आणि या तुळईला एका बाजूला जुन्या खाचा आहेत, ज्यांचा आजच्या कडीपाटाशी काही मेळ बसत नाही. ही खाचांची गोष्ट त्यांनी छायाचित्रासह नोंदवली आहे.

आता दोषाकडे येतो, कारण तो किरकोळ नाही. पुस्तकाच्या पहिल्या मसुद्यात फसली सालांचे (निजामाच्या कारभारातल्या महसुली वर्षांचे) इसवी सन करताना सरसकट ५९० मिळवले होते. हैदराबादचे फसली वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आजूर महिन्याने सुरू होत असे. म्हणून डिसेंबर संपेपर्यंत ५९० मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढे ५९१. पाचव्या घराच्या रहननाम्यावर (गहाणखतावर) फसली १३५७ चा मेहेर, म्हणजे अकरावा, महिना आहे. मसुद्यात तो १९४७ चा दाखवला होता. प्रत्यक्षात तो ऑगस्ट १९४८ आहे. कुटुंबाने घर ७०० हाली (निजामाच्या) रुपयांना, म्हणजे त्या काळच्या दराने ६०० कलदार (ब्रिटिश हिंदुस्थानच्या) रुपयांना, गहाण ठेवले आणि गाव सोडले. १९४७ धरले तर हा एखाद्या कर्जाचा साधा व्यवहार वाटतो. ऑगस्ट १९४८ म्हटले की रझाकारांचा धुमाकूळ डोळ्यांपुढे येतो, सीमेपलीकडे निघालेली बिऱ्हाडे दिसतात, आणि हैदराबादवरची भारताची पोलीस कारवाई सुरू व्हायला जेमतेम महिना उरलेला असतो. गहाणाचे कारण कागदात लिहिलेले नाही, पण शेजारच्या आजींच्या आठवणीत ते कुटुंब रातोरात बार्शीला गेले होते, आणि दुरुस्त तारीख त्या आठवणीशी जुळते. चूक मी दाखवून दिल्यावर त्यांनी एकही शब्द न वाढवता सगळी साले पुन्हा तपासली आणि आणखी चार जागा स्वतः शोधून दुरुस्त केल्या. तरीही ज्यांचा हाच व्यवसाय आहे त्यांच्याकडून ही चूक व्हायला नको होती. ज्या ग्राहकाला फसली सनाचा हिशेब ठाऊक नाही, त्याच्या हाती चुकीचा इतिहास गेला असता.

सहाव्या घराबद्दल त्यांनी दाखवलेला संयम मला विशेष वाटला. त्या घरात १९४८ पर्यंत एक मुस्लिम कुटुंब राहत होते आणि पोलीस कारवाईनंतरच्या दिवसांत ते तिथून गेले. ते कुठे गेले, का गेले, मागे काय झाले, यावर गल्लीत तीन वेगवेगळ्या कथा आहेत. पुस्तकात यांपैकी एकही कथा खरी म्हणून दिलेली नाही. कागदांत जेवढे आहे तेवढे दिले आहे, आणि कथा ‘ऐकीव’ या मथळ्याखाली, सांगणाऱ्याचे नाव न देता, वेगळ्या ठेवल्या आहेत. शिक्षकांनी त्या कुटुंबाच्या जुन्या बैनाम्याचे मराठी करताना माझ्यासमोर एका ओळीवर थांबून सांगितले, ‘साहेब, इथे घरातल्या आडाच्या पाण्यावर शेजाऱ्यांचाही हक्क राहील असे लिहिले आहे.’ तो आड अजून आहे, आणि दुष्काळाच्या सालात आम्ही त्यातूनच पाणी शेंदले आहे.

हयात माणसांची नावे, दत्तकाचे आणि वाटणीचे वाद, आणि न्यायालयात चालू असलेले दावे ते पुस्तकात घेत नाहीत. हे त्यांनी आधीच लेखी दिले होते. प्रत्येक घराच्या आजच्या मालकाची संमतीही त्यांनी मागितली. पहिल्या घराच्या मालकांनी ती दिली नाही. जुने कागद बाहेर आले की कोणीतरी हक्क सांगायला येईल, ही त्यांची भीती आहे आणि आपल्याकडचे भाऊबंदकीचे खटले पाहता ती अनाठायी म्हणता येणार नाही. त्या घराच्या पानावर म्हणून फक्त बाहेरून घेतलेले मोजमाप आणि दरवाजाचे चित्र आहे.

एक उणीव मात्र संमतीशी किंवा कागदांच्या दुर्भिक्षाशी संबंधित नाही. राहणाऱ्यांच्या कोष्टकांत बायका फार थोड्या आहेत. उर्दू खतांत ‘वल्द’ लावून बापाचे नाव येते, बाई आली तर ‘जौजे’ म्हणून नवऱ्यामागे येते, आणि शाळेच्या रजिस्टरात पालक म्हणून बापच असतो, हे खरे. पण आमच्याच घराच्या माळ्यावर तारेला ओवलेली साठेक पोस्टकार्डे होती, त्यांत माहेराहून आलेली, आत्याच्या नावाची कितीतरी होती. ती आम्ही त्यांना दिली होती, आणि त्यांनी त्यांतून फक्त पत्ता आणि टपालाच्या शिक्क्यांच्या तारखा उचलल्या. त्या आत्या विधवा होऊन परत आल्या आणि त्यानंतर बावीस वर्षे त्याच माजघरात राहिल्या. मी आग्रह धरल्यावर त्यांचे नाव कोष्टकात आले. हे काम सेवेने मागणीची वाट न पाहता करायला हवे.

पुस्तक साध्या बांधणीचे आहे, छपाई स्वच्छ आहे, गल्लीच्या नकाशाला मोजपट्टी नाही आणि शेवटी नामसूची नाही. उर्दू आणि मोडी कागदांचा फक्त मराठी गोषवारा दिला आहे. मूळ मजकुराचे अक्षरशः लिप्यंतर हवे असल्यास कागदामागे ३०० रुपये जास्त पडतात. हे मी प्रत्येकाला आवर्जून घ्यायला सांगेन, कारण आडाच्या पाण्याची ती ओळ गोषवाऱ्यात नव्हती.

काम द्यायचे असेल तर जाण्याआधी घरातला पेटारा, फडताळ आणि देवघरातले कोनाडे पाहून घ्यावेत आणि शेजारच्या घरांनाही सोबत घ्यावे. एकट्या घराचे काम दिल्यास चतुःसीमांचा पुरावा अर्धाच राहतो, हे चौथ्या घरावरून आम्हाला कळले. गेल्या पंधरवड्यात पहिल्या घराचे मालक पुस्तक वाचायला घेऊन गेले होते. काल त्यांनी ते परत केले, तेव्हा त्यांच्या पानाच्या समासात पेन्सिलीने दोन नावे लिहिलेली होती आणि पुढे ‘भाडेकरू, माडीवर’ असे होते.