सोलापूरच्या उन्हाळ्यात आधी कुठला गेम घ्यावा: स्टारड्यू व्हॅली, हॉलो नाइट की राजी?

बारावीचा शेवटचा पेपर झाला त्याच संध्याकाळी धाकट्या चुलतभावाचा फोन. "दादा, एकच गेम घ्यायचाय, पैसे एकाचेच आहेत. कुठला घेऊ सांग." गेल्या काही महिन्यांत मी तीन गेम शेवटापर्यंत नेले आणि भेटेल त्याच्याजवळ त्यांच्याबद्दल बडबडत सुटलो होतो, तेव्हा हा प्रश्न माझ्याकडं येणारच होता. त्याला फोनवर जे सांगितलं त्यातच थोडी भर घालतोय.

आधी माझी परिस्थिती. लॅपटॉप सात वर्षांचा, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, बॅटरी कधीच मेलेली. चार्जरची पिन हलली तरी खेळ खलास. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर बसलेला असतो आणि दुपारची लाईट कधी जाईल याचा नेम नसतो. त्यामुळं गोष्ट कशी, चित्रं कशी हे नंतर. माझा पहिला प्रश्न असतो, लाईट गेली तर माझं किती पाण्यात जाणार?

या बाबतीत स्टारड्यू व्हॅलीचा हिशेब अगदी सरळ आहे. आजोबांनी मागं ठेवलेल्या पडीक शेतावर तुम्ही राहायला येता. सकाळी सहाला दिवस उगवतो, रात्री दोनपर्यंत अंथरूण गाठलं नाही तर जिथं असाल तिथं कोसळता. हा अख्खा दिवस आपल्या घड्याळात साधारण १४ मिनिटांचा. कॉम्प्युटरवर गेम सेव्ह होतो तो फक्त झोपल्यावर, म्हणजे लाईट गेली तर एकच दिवस जातो. तोही कधीकधी जिव्हारी लागतो म्हणा. खाणीत एवढ्या खाली उतरावं, पिशवी भरावी आणि पंखा थांबल्याचा आवाज यावा, याच्यासारखं दुःख नाही.

२०१६ मध्ये आलेला हा गेम एरिक बॅरोन नावाच्या माणसानं एकट्यानं केलाय. कोड त्याचा, चित्रं त्याची, संगीतही त्याचंच, चारेक वर्षं खपून. सुरुवातीला सरपंच म्हणावा असा लुईस तुम्हाला पार्सनिपच्या १५ बिया देतो. पार्सनिप म्हणजे पांढऱ्या गाजरासारखं कंदमूळ. चार दिवसांत तयार होतं. मंगळवेढ्याचे मामा एकदा घरी आलेले असताना मी झारीनं एकेका चौकोनाला पाणी घालत होतो. मामा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "ठिबक का टाकत नाहीस?" म्हटलं, पुढं स्प्रिंकलर बनवता येतात. "आणि मोटारीला लाईट?" लागत नाही. "बी केवढ्याला?" वीसला. "माल?" पस्तीसला. "आवक वाढली की?" मामा, कितीही माल टाका, भाव पडत नाही. मामांनी चहाचा कप खाली ठेवला. "मग हा खेळच," म्हणाले.

खरंच आहे ते. मोसम २८ दिवसांचा, तो बदलला की उभं पीक एका रात्रीत वाळतं, एवढीच काय ती निसर्गाची दांडगाई. बाकी गावात कोणाला काय आवडतं ते लक्षात ठेवायचं, वाढदिवसाला काहीतरी नेऊन द्यायचं, सुपरमार्केटवाल्या जोजा कंपनीला गाव विकायचं की मोडकं समाजमंदिर हातानं उभं करायचं ते ठरवायचं. मासे पकडण्याचा प्रकार मात्र पहिले दोन आठवडे डोकं फिरवतो. तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या सकाळी आजोबांचं भूत येऊन तुमच्या कामाची पारख करतं. मी तिथं 'संपला' असं जाहीर केलं, पण खरं तर हा गेम संपत नाही, आपणच उठावं लागतं. आणि ते उठणं अवघड, कारण 'अजून एकच दिवस' म्हणत रात्रीचे अडीच वाजतात.

हॉलो नाइट याच्या अगदी उलट. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या टीम चेरी या मोजक्या माणसांच्या चमूनं २०१७ मध्ये आणला. जमिनीखाली किड्यांचं एक ओसाड राज्य आहे, हॅलोनेस्ट, आणि हातात खिळ्याएवढी तलवार घेऊन तुम्ही त्यात हिंडायचं. कुठं जायचं ते कोणी सांगत नाही. कॉर्निफर नावाचा नकाशे काढणारा कुठंतरी गुणगुणत बसलेला असतो, आजूबाजूला त्याचे कागद सांडलेले दिसतात, त्या खुणेनं त्याला गाठायचं आणि अर्धवट नकाशा विकत घ्यायचा. त्या नकाशावर आपण कुठं उभे आहोत हे कळायलाही वेगळी वस्तू लागते आणि तिच्यासाठी दुसरं एखादं सामर्थ्य बाजूला ठेवावं लागतं. मेलात तर सगळे पैसे त्याच जागी तुमच्या सावलीपाशी राहतात. परत जाऊन सावलीला मारून घ्यायचे. वाटेत पुन्हा मेलात तर गेले.

मी पहिल्या आठवड्यात दोनदा हा गेम सोडला. अशा सांडलेल्या पैशांचं दुःख आणि वर चाळीस डिग्री, दोन्ही एकदम सोसत नाही. तिसऱ्यांदा बसलो आणि एका दुपारी 'सिटी ऑफ टिअर्स'मध्ये पोचलो. त्या शहरात पाऊस थांबतच नाही. वरच्या तळ्याचं पाणी छतातून झिरपतं आणि उंच काचांवरून ओघळत राहतं. बाहेर रस्त्यावर कुत्रं नव्हतं, आठवडा झाला तरी नळाला पाणी नव्हतं आणि मी तिथं एका बाकावर बसून नुसता पाऊस ऐकत होतो, कितीतरी वेळ. तिन्ही गेममधली एकच जागा पुन्हा बघायला मिळेल असं कोणी म्हटलं तर मी हीच मागेन.

लाईटचं विचाराल तर इथं बाक हाच आधार. लाईट गेली की शेवटच्या बाकावर परत, आणि नकाशाही नवीन भरतो तो बाकावर बसल्यावरच. दोन बाकांच्या मधलं अंतर कधीकधी अर्ध्या तासाचं. मँटिस लॉर्ड्स या तीन दांडग्या योद्ध्यांशी लढताना मी किती वेळा मेलो ते सांगत नाही, पण शेवटी ते हरल्यावर तिघं मान झुकवतात तेव्हा मीही इकडं झुकवली. मला ३८ तास लागले. कीबोर्डवर खेळू नका, कंट्रोलर उसना आणा.

राजी आपल्या पुण्यातला, नॉडिंग हेड्स गेम्सचा, २०२० सालचा. एवढ्यासाठीच घ्यावासा वाटेल, मीही तसाच घेतला. धाकट्या गोलूला असुर पळवून नेतात आणि थोरली बहीण राजी त्याच्या मागं जाते. निवेदन दुर्गा आणि विष्णू यांच्या आपापसातल्या बोलण्यातून. मधली दृश्यं छायाबाहुल्यांसारखी, भिंतींवर पुराणातल्या कथा, हवेल्या राजस्थानी वळणाच्या. बघत राहावं असं आहे. खेळायला मात्र तेवढं नाही. कॅमेरा आपल्या हातात नसल्यानं उड्या चुकतात, त्रिशूळ फिरवताना सुरुवातीला हात फुरफुरतात पण पुढं मारामारी तीच ती होते, आणि शेवट असा तोडलाय की पडदा पडला की वायर निघाली तेच कळेना. पाच-सहा तासांत आटोपतो. सेव्ह आपोआप होतो, लाईटचं भय फारसं नाही. पण माझ्या लॅपटॉपवर तो चाललाच नाही, जुळे सोलापूरला मित्राच्या कॉम्प्युटरवर दोन रविवारी संपवला. ग्राफिक्स कार्ड नसेल तर विषय तिथंच संपला. याउलट स्टारड्यू दोन जीबी रॅमवरही चालतो आणि जागा अर्धा जीबीच खातो. हॉलो नाइटला चार जीबी रॅम आणि नऊ जीबी जागा लागते.

भाषेचं कोणी बोलत नाही, पण मराठी शाळेतल्या पोराला गेम देताना तो मोठाच मुद्दा आहे. मराठी तिन्हींत नाही. राजीला २०२२ च्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाज आले, त्यामुळं मित्राच्या आईनंही शेजारी बसून गोष्ट ऐकली. स्टारड्यूत इंग्रजी वाचन भरपूर आहे, पण सोपं, रोजच्या बोलण्यातलं. हॉलो नाइटमध्ये शब्द थोडे आणि ते कोड्यात. अर्धी गोष्ट मला नंतर कळली.

शिवाय स्टारड्यूत एकाच पडद्यावर दोघांना खेळता येतं, एकानं कीबोर्ड आणि दुसऱ्यानं कंट्रोलर घेऊन. चुलतभावाच्या घरी धाकटी बहीण आहे आणि लॅपटॉप एकच, म्हणून मी त्याला स्टारड्यू सांगितला. मला स्वतःला हॉलो नाइट जास्त आवडला हेही सांगितलं. पण सुट्टीत एकटा असशील, हट्टी असशील आणि हरल्यावर चिडून लॅपटॉप आपटणार नसशील, तरच तो घे. राजी सेलमध्ये स्वस्त मिळाला आणि मशीन चांगलं असेल तर घ्यावा, पूर्ण किमतीला नको.

पैशांची भीती असेल तर स्टीमवर, म्हणजे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानातून, घेतलेला गेम १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर परत करता येतो. स्टारड्यू जमतोय की नाही ते तेवढ्यात कळतं. राजीचा तर दोन तासांत तिसरा हिस्सा होऊन जातो. हॉलो नाइटचे पहिले दोन तास मात्र सगळ्यात रुक्ष आहेत, पाऊस फार पुढं लागतो.