प्रोजेक्टर ठीकठाक, पण बरंच शिकवून गेला

छोटा एलईडी प्रोजेक्टर घेऊन तीन महिने झाले. पाचपैकी तीन स्टार देतोय, आणि त्यातला एक तर खरं म्हणजे अंधाराला जातो.

खोक्यावर ९००० ल्युमेन्स (उजेडाचं माप) छापलंय. त्याला भुलू नका, विचारायचं ते एएनएसआय ल्युमेन्स किती. तो आकडा पडद्यावर ९ ठिकाणी उजेड मोजून काढतात, माझ्या मशीनचा मॅन्युअलच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात सापडला, २००! तसंच "फोर-के सपोर्ट" म्हणजे फोर-के (३८४० बाय २१६० पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके) दिसणार असं नाही, सिग्नल तेवढा घेतो आणि स्वतःच्या १२८० बाय ७२० मध्ये कोंबून दाखवतो, म्हणजे दर नऊ पिक्सेलमागे एक. मोठ्याने बोलणाऱ्याची शेवटची पानं आधी वाचावीत हे मला चाळिशीत कळलं.

पहिल्या दिवशी हौसेने उजेड असतानाच सगळ्यांना बसवलं तर भिंतीवर नुसतं धुकं. बाबा म्हणाले, "यात माणसं कुठायत?" काळा रंग प्रोजेक्टर फेकूच शकत नाही ना, भिंत जेवढी काळोखात तेवढंच काळं दिसणार. मग मशीन कोपऱ्यात ठेवून रिमोटने कीस्टोन (तिरकी चौकट सरळ करायची सेटिंग) ओढत बसलो, चौकट सरळ झाली पण त्यासाठी तो चित्र आतल्या आत लहान करतो त्यामुळे सबटायटल्स पुसट. शेवटी खाली चार जाड पुस्तकं सारून बरोब्बर भिंतीसमोर ठेवला, झालं काम. वाकड्यात बसून सरळ दिसायची हौस नडते.

ब्लूटूथ स्पीकर लावला तर ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो (आवाज दाबून पाठवायचा आणि पलीकडे उलगडायचा यात वेळ जातो). बायको म्हणाली, "अगदी तुझ्यासारखाय, विचारल्यावर उत्तर यायला वेळ लागतो." आता साधी वायर लावतो. दोघांनाही बरं.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो मात्र कुठला पिक्चर लावायचा यानेच, पाऊण तास नुसतं वरखाली, आणि शेवटी कुणालाच नको असलेला लागला. आता पाळी ठरवलीये. ज्याची पाळी त्याचा पिक्चर, बाकीच्यांनी गप बसायचं. गेल्या वेळी बाबांनी ब्लॅक अँड व्हाइट लावला, लेक तोंड वाकडं करून बसली आणि अर्ध्यात तीच सगळ्यांना श्श करत होती.

उरली तक्रार पंख्याची. शांत सीनमध्ये घर्रर्र ऐकू येतंच, त्याचा एक स्टार कापलाय. परत करायचं ठरवलंही होतं, पण आईची खुर्ची नेमकी प्रोजेक्टरशेजारी, तिला त्या आवाजात छान झोप लागते, लाइट लावला की दचकून विचारते, "संपला? चांगला होता हां!" मग राहू दिला.