गिटलॅबकडे येणारे मेल: अधिक चिन्ह, कॅच-ऑल की निव्वळ एक पत्ता?

नागपुरात गायत्रीनगरच्या आयटी पार्कात किंवा धरमपेठेतील एखाद्या फ्लॅटमध्ये दहा-बारा जणांचे सॉफ्टवेअर कार्यालय चालवणाऱ्याने गिटलॅब, म्हणजे प्रोग्रॅमचा कोड आणि त्यावरची कामे सांभाळणारे सॉफ्टवेअर, स्वतःच्या सर्व्हरवर बसवले, तरी त्याचे ग्राहक तिथे येतीलच असे नाही. इतवारीतील घाऊक व्यापाऱ्याचा मुनीम बिलाच्या प्रोग्रॅममधील चूक कळवण्यासाठी खाते उघडून इश्यू, म्हणजे तक्रारीची किंवा कामाची नोंद, करील, ही अपेक्षाच व्यर्थ आहे. तो मेल करील आणि उत्तरादाखल पुन्हा मेलच करील. हे मेल आपोआप योग्य इश्यूखाली जावेत, अशी सोय गिटलॅबमध्ये आहे. त्यासाठी मेलबॉक्सची मांडणी तीन प्रकारे करता येते.

तिन्हींमागची यंत्रणा एकच आहे. मेलरूम नावाची प्रक्रिया आयमॅप या मेल वाचण्याच्या पद्धतीने एका मेलबॉक्सवर नजर ठेवते, नवा मेल उचलते आणि तो कोणत्या इश्यूसाठी किंवा प्रकल्पासाठी आहे हे त्यातील किल्लीवरून, म्हणजे गिटलॅबने दिलेल्या सांकेतिक अक्षरांवरून, गिटलॅब ओळखते. मेल उतरवून घेण्याची पॉप-3 ही दुसरी पद्धत येथे चालत नाही. फरक आहे तो ही किल्ली कुठे ठेवायची, एवढाच.

निव्वळ एक पत्ता ठेवला, तर किल्ली पत्त्यात मावत नाही. ती मेलच्या हेडरमध्ये, म्हणजे हा मेल कोणत्या मेलला उत्तर आहे हे सांगणाऱ्या ओळींत, शोधावी लागते. त्यामुळे गिटलॅबने पाठवलेल्या सूचनेला उत्तर देणे जमते, पण नव्या मेलने इश्यू उघडणे किंवा सर्व्हिस डेस्क, म्हणजे खाते नसलेल्या ग्राहकांचे मेल इश्यू म्हणून घेण्याची सोय, वापरणे जमत नाही. सगळे सहकारी गिटलॅबमध्येच वावरतात आणि बाहेरच्या कोणाशी संबंध नाही, अशा कार्यालयाला हे पुरते. वरच्या मुनीमासाठी मात्र हा मार्ग बाद.

अधिक चिन्हाच्या पद्धतीत पत्त्यातील नावानंतर अधिक चिन्ह (+) आणि त्यापुढे किल्ली येते. मेल सर्व्हर चिन्हापुढचा भाग दुर्लक्षून मेल मूळ मेलबॉक्सात टाकतो. जीमेल, आउटलुक डॉट कॉम आणि आयक्लाउड हे मानतात. आपल्या मशीनवर बसवायचा पोस्टफिक्स हा मेल सर्व्हरही मानतो, पण तेथे विभाजक चिन्ह मुळात रिकामे असते आणि ते स्वतः नेमून द्यावे लागते. ‘सगळे बरोबर आहे, तरी मेल परत येतो’ ही तक्रार बहुधा येथेच उगम पावते. मायक्रोसॉफ्टचा एक्सचेंज हा मेल सर्व्हर स्वतःच्या जागेत चालवला तर ही सोय नाही, त्याच्या एक्सचेंज ऑनलाइन या इंटरनेटवरील सेवेत आहे.

कॅच-ऑलमध्ये एखाद्या डोमेनवरील कोणत्याही नावाला आलेला मेल एकाच मेलबॉक्सात पडतो, म्हणून किल्ली हेच नाव होऊ शकते. सोयी अधिक चिन्हाइतक्याच मिळतात. किंमत वेगळी आहे. स्पॅम पाठवणारे अंदाजाने कोणतीही नावे लावून पाहतात आणि ते सगळे गिटलॅबच्या पुढ्यात येते. ज्या मेलचा अर्थ लागत नाही, त्याच्या प्रेषकाला गिटलॅब नकाराचे पत्र धाडते, आणि स्पॅममधला प्रेषक बहुधा खोटा असल्याने ते पत्र भलत्याच माणसाला जाऊन आपल्याच सर्व्हरची पत घसरते. शिवाय साध्या जीमेल खात्यावर कॅच-ऑल नसतो. गूगल वर्कस्पेस या कार्यालयांसाठीच्या सेवेत तो राउटिंगच्या सेटिंगमधून नेमावा लागतो. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: आपला मेल सर्व्हर अधिक चिन्ह मानत असेल, तर तेच घ्यावे आणि कॅच-ऑल फक्त तो मानत नसेल तेव्हा.

मेलबॉक्स कुठे ठेवायचा, हा दुसरा निर्णय आहे. गूगलकडे ठेवल्यास दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून अ‍ॅप पासवर्ड, म्हणजे एका प्रोग्रॅमपुरता वेगळा पासवर्ड, घ्यावा लागतो. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर 2022पासून एक्सचेंज ऑनलाइनवरील निव्वळ पासवर्डची पद्धत बंद करायला घेतली, त्यामुळे तेथे आयमॅपऐवजी ग्राफ एपीआयचा, म्हणजे मायक्रोसॉफ्टने प्रोग्रॅमांसाठी दिलेल्या जोडणीचा, मार्ग धरावा. मात्र त्यातील क्लायंट सीक्रेटची, म्हणजे प्रोग्रॅमच्या गुप्त परवलीची, मुदत संपते, तिची तारीख कॅलेंडरवर नोंदवून ठेवलेली बरी. पोस्टफिक्स आपल्याच मशीनवर चालवणे स्वस्त दिसते, परंतु एमएक्स नोंद, म्हणजे डोमेनचा मेल कोणत्या सर्व्हरकडे जावा हे सांगणारी नोंद, आणि मेल आत येण्यासाठी बाहेरून उघडा असलेला 25 क्रमांकाचा पोर्ट लागतो, आणि ब्रॉडबँडच्या जोडणीवर तो अनेकदा बंदच असतो. मे महिन्याच्या उन्हात वीज गेली तर काय, अशी भीती मात्र फारशी बाळगू नये, कारण पाठवणारा सर्व्हर मेल लगेच फेकून देत नाही. पोस्टफिक्स मुळात पाच दिवस तो रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो.

मार्ग कोणताही घेतला, तरी गिटलॅबचा पत्ता कर्मचाऱ्यांच्या डोमेनवर ठेवू नये, त्यासाठी वेगळे उपडोमेन घ्यावे. बाहेरच्या कित्येक सेवा ‘या डोमेनचा मेल ज्याच्याकडे येतो, तो त्या कंपनीचा’ असे मानून आत घेतात. अनोळखी माणसाने त्या सेवेत गिटलॅबचा पत्ता दिला, तर पडताळणीचा मेल इश्यूवर उमटतो आणि तो वाचून त्याला कंपनीच्या अंतर्गत चर्चेत शिरता येते. बेल्जियममधील एका सुरक्षा संशोधकाने 2017 साली हे करून दाखवले होते. कोणाचा खाजगी मेलबॉक्सही या कामी लावू नये, कारण मेलरूम त्यातला न वाचलेला प्रत्येक मेल आपलाच समजते.

मेलने इश्यू उघडण्यासाठी गिटलॅब प्रत्येक सदस्याला जो पत्ता देते, त्यातली किल्ली पासवर्डसारखीच जपावी लागते, कारण तो पत्ता ज्याच्या हाती लागेल, तो त्या सदस्याच्या नावाने इश्यू नोंदवू शकतो. पत्ता चुकून एखाद्या गटात टाकला गेला, तर सदस्याने आपल्या सेटिंग्जमधून किल्ली बदलून घ्यावी; जुना पत्ता त्या क्षणापासून निकामी होतो.