१०-१८ झूम की १२ची प्राइम? दोन्ही वापरून झाल्यावर

गडांवरच्या फोटोंसाठी माझ्याकडे दोन रुंद लेन्स आहेत: १० ते १८ मिमी फिरणारी झूम आणि १२ मिमीवर ठरलेली प्राइम. पावसाळा संपता संपता झूमच्या आतल्या काचेवर बुरशी दिसली. सर्व्हिस सेंटरवाल्याने लेन्स नीट हातातही न घेता सांगितलं, "काचांचा पूर्ण ग्रुप बदलावा लागेल." एस्टिमेट आलं ते जुन्या बाजारात तीच लेन्स मिळते त्याच्या निम्म्याहून जास्त. वॉरंटीत बसणार नाही, कारण दमटपणा. मग सह्याद्रीत लेन्स वापरायचीच नाही का, असं विचारलं तर म्हणे कव्हर घाला. वाद घालून काही निघालं नाही. शेवटी जुने कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या एका काकांनी उघडून पुसून दिली. कडेला एक धागा राहिलाय, पण सूर्य फ्रेममध्ये नसेल तर फोटोत कळत नाही.

या सगळ्या भानगडीत क्रॉप बॉडीवर, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, फक्त १२ एफ २ होती (एफचा आकडा जितका लहान तितकं अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत येण्याचं छिद्र, मोठं), आणि खरं सांगतो, झूमची आठवण आली नाही. मॅन्युअल फोकसचा लोक उगाच बाऊ करतात. एफ ८ ला साधारण एक मीटरवर फोकस लावला की अर्ध्या मीटरपासून अनंतापर्यंत सगळं शार्प. रिंगवर चिकटपट्टी मारायची आणि विसरून जायचं. एक्सिफमध्ये (फोटोबरोबर साठणाऱ्या माहितीत) अ‍ॅपर्चर येत नाही, नाही तर नाही. त्यात झूमचे जुने फोटो लाइटरूम सॉफ्टवेअरमध्ये चाळले तर बहुतेक सगळे एक तर १० वर नाही तर १८ वर. मधल्या आकड्यांचे पैसे कशाला भरले, असं वाटायला लागलं होतं.

आता फिल्टर. झूमचा थ्रेड, म्हणजे फिल्टर बसवायचा आटा, ६२ मिमी, प्राइमचा ६७. माझ्याकडे चांगला पोलरायझर (चकाकी कमी करून आकाश गडद करणारा फिल्टर) ६७चा, आणि दुसरा घेणार नाही म्हणजे नाही. म्हणून झूमला लहान आट्यावर मोठा फिल्टर बसवणारी स्टेप-अप रिंग लावली, तर रिंगवर हूड, म्हणजे काचेपुढचं आडोशाचं कडं, बसत नाही! हूड नाही म्हणजे बारीक पावसाचा प्रत्येक थेंब थेट काचेवर. रिंग काढा, हूड लावा, हूड काढा, रिंग लावा, तोवर ढग निघून जातो. शिवाय १० वर पोलरायझर लावला की आकाशात मधेच गडद निळा पट्टा येतो, कारण इतक्या रुंद फ्रेममध्ये ध्रुवीकरण सगळीकडे सारखं नसतंच. म्हणजे एवढा खटाटोप करून फिल्टर १४-१५ च्या पुढेच कामाचा. लेन्स बनवणाऱ्यांनी आपसात एकच माप ठरवलं असतं तर काय बिघडलं असतं?

मत बदललं ते रायगडाच्या महादरवाजात. गोमुखी बांधणीचा हेतूच असा की शत्रूला दरवाजासमोर सरळ जागा मिळू नये. फोटोवाल्यालाही मिळत नाही. मागे बुरूज, १२ ला एक बाजू कापलीच जाते. १० आणि १२ मध्ये कागदावर दोन मिलिमीटर, पण फ्रेमच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचा तिरका कोन १०९ अंश विरुद्ध ९९. "पाय हाच झूम" म्हणणाऱ्यांनी एकदा कड्याच्या टोकावर मागे सरकून दाखवावं. आणि समोरच्या डोंगरावर ढग उतरलेत, मधे दरी आहे, तेव्हा पुढे तरी कुठे जाणार? तिथे १८च लागते. मधले आकडे मी आजही वापरत नाही, पण दोन टोकं एका लेन्समध्ये मिळतात, ते पुरे.

रात्री मात्र झूम पिशवीतच राहते. झूमच्या एफ ४ ला जिथे आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता, वाढवली की फोटो दाणेदार होतो) ६४०० लागतो तिथे प्राइमच्या एफ २ ला १६०० वर भागतं. भंडारदऱ्याला आकाशगंगा आणि पावसाच्या तोंडावर काजवे, दोन्हींना हा फरक थेट दिसतो. पण असे रात्रीचे मुहूर्त वर्षात किती? जूनपासून आकाश बंदच.

एकच घ्यायची आणि गडांवर फिरणार असाल तर झूम घ्या. वापरलेली घेताना मागून टॉर्च मारून, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून आत बघा. घरी हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा, कारण झूम फिरवताना आतली नळी सरकते आणि बाहेरची दमट हवा आत जाते. माझी प्राइम विकणार का म्हणून विचारणा येतायत. मे महिन्याच्या अमावास्येपर्यंत तरी नाही.