शाफ्टचं बेअरिंग बदलायचंय: रबरी कटलेस की लेथवरचा बुश, शाफ्ट काढून की जागेवरच?

शिडाच्या बोटीचं पंख्याजवळचं बेअरिंग, म्हणजे पंखा फिरवणाऱ्या शाफ्टला (दांड्याला) धरून ठेवणारं, गेलं की बंदरावर दोन सल्ले हमखास मिळतात. एक जण म्हणतो मुंबईहून रबरी कटलेस मागवा, दुसरा म्हणतो कशाला थांबताय, लेथवाल्याकडून नायलॉनचा बुश (शाफ्टभोवती बसणारी साधी नळी) मारून घ्या, संध्याकाळी बोट पाण्यात. दोघंही अनुभवाचंच बोलतात, फक्त ते ज्या बोटीवर शिकले ती तुमच्यासारखी आहे का ते आधी बघा.

आणि त्याही आधी बेअरिंग खरंच गेलंय का ते बघा. बोट कोरडी असताना पंख्याचा मधला गोळा दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवा, मग आडवा. थोडी मोकळीक हवीच, पाणी तिथूनच जातं, पण २५ मिमीच्या शाफ्टला दीड मिमीच्या आसपास खेळ आला असेल आणि हलवताना टक् टक् ऐकू येत असेल तर बदलाच. टॉर्च मारून झीज कुठल्या बाजूला आहे तेही बघून घ्या, सगळीकडून सारखी असेल तर वाळूनं खाल्लंय, एकाच बाजूला असेल तर इंजिनाची लाइन गेलीय (इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत राहिले नाहीत) किंवा इंजिनाखालचे माउंट दबलेत, आणि तसं असेल तर कुठलंही बेअरिंग टाका, तेही तसंच जाणार.

आता रबर की बुश. कटलेस म्हणजे पितळेची नळी, आत रबराचं अस्तर आणि त्यात लांबट खाचा. ह्याला ग्रीस नाही, तेल नाही, पाणी हेच वंगण. वाळूचा कण आला की मऊ रबरावरून दबून गडगडत खाचेत जातो आणि पाण्याबरोबर बाहेर. बाणकोट, दाभोळ, जयगडच्या खाड्यांमधून ये-जा करणाऱ्या बोटीला हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे, कारण पावसाळ्यानंतर तिथलं पाणी किती गढूळ असतं ते सगळ्यांना माहितीये. कडक बुशात तोच कण रुतून बसतो आणि शाफ्ट कापत राहतो. बेअरिंग स्वस्त असतं हो, शाफ्ट नसतो.

म्हणून गनमेटलचा (ब्राँझसारख्या मिश्रधातूचा) बुश वाईट असं नाही. ज्या ट्रॉलरच्या स्टर्न ट्यूबला (शाफ्ट बोटीबाहेर जातो त्या नळीला) ग्रीस कप आहे आणि खलाशी तो न चुकता फिरवतो, तिथं तो बुश मस्त चालतो. तुमचा शाफ्ट स्ट्रटमध्ये (बोटीखाली शाफ्टला धरणाऱ्या आधारात) उघड्या पाण्यात फिरतोय, तिथं ग्रीस टिकणार कसं?

नायलॉनबद्दल मात्र स्पष्ट सांगतो, नको. नायलॉन पाणी पितं आणि फुगतं, लेथवर सुरेख बसलेला बुश काही दिवसांनी शाफ्टला आवळून धरतो. अगदीच अडलं आणि लेथवरच करायचं झालं तर डेल्रिन (नायलॉनसारखंच कडक प्लास्टिक) घ्या, ते फार कमी फुगतं, आणि आतून पाण्यासाठी खाचा पाडायला सांगा, लांबी शाफ्टच्या व्यासाच्या साधारण चौपट ठेवा. पण ही तात्पुरती सोय, रबरी येईपर्यंत.

कटलेस मागवतानाच ठरवायची एक गोष्ट म्हणजे बाहेरची नळी. स्ट्रट ब्राँझचा असेल तर पितळ चालेल, स्टील किंवा अॅल्युमिनियमचा असेल तर फायबरची नळीच घ्या, नाहीतर खाऱ्या पाण्यात पितळ त्या धातूला खात बसतं. मापं जुन्या बेअरिंगवरून घेऊ नका, शाफ्टचा न झिजलेला भाग आणि स्ट्रटचं भोक कॅलिपरनं मोजा.

काढायचं कसं ह्यात खरी गोची भरती-ओहोटीची आहे. ओहोटीला धक्क्याशी बोट टेकवून काम करायचं तर हातात जेमतेम काही तास, त्यात मांडव्याकडे पाणी बरंच खाली जातं, मालवणकडे तेवढं जात नाही. अशा वेळी पंखा काढून पुलरनं (बेअरिंग ओढून काढायच्या हत्यारानं) जागेवरच जुनं ओढायचं आणि नवं आत घ्यायचं, एवढंच शक्य आहे. शाफ्ट काढायला घेतला आणि भरती आली तर बोटीच्या पोटाला भोक उघडं! पुलर नसेल तर हॅक्सॉच्या पात्यानं नळी आतून चिरतात, पण त्याला शाफ्ट बाहेरच लागतो, आणि पातं स्ट्रटमध्ये घुसणार नाही इतक्या सावकाश.

बोट पावसासाठी वर ओढणारच असाल तर माझं मत शाफ्ट काढूनच करा. मेहनत जास्त आहे, शाफ्टला इंजिनाच्या गिअरबॉक्सशी जोडणारं कपलिंग गंजून बसलेलं असतं, काही बोटींना रडर (सुकाणू) उतरवल्याशिवाय शाफ्ट मागे येतच नाही, सगळं मान्य. पण बेअरिंगखालचा शाफ्ट पुसून त्यावरून नख फिरवता येतं, आणि नख खाचेत अडकलं तर नवं बेअरिंग टाकून उपयोग नाही हे तिथंच कळतं. पुलरनं केलं तर हे नीट दिसत नाही. सामान मात्र मे महिन्यातच आणून ठेवा, १ जूनला ट्रॉलरची बंदी लागली की सगळ्या होड्यांची कामं एकदम निघतात आणि लेथवाला हाताला लागत नाही.

बसवताना रबराला ग्रीस लावू नका, भांडी घासायचा लिक्विड साबण पुरे. बेअरिंग हातोडीनं ठोकूनही नको, नळी चेपली की शाफ्ट आवळला. बेअरिंग जागेवर धरणाऱ्या सेट स्क्रूसाठी नळीवर उथळ खड्डा पाडायचा, आरपार नाही.

मग बोट पाण्यात सोडून एक-दोन दिवस तशीच राहू द्या, जमिनीवर बोटीच्या अंगाचा (हलचा) आकार थोडा बदलतो म्हणून लाइन तरंगत्या बोटीतच बघायची. कपलिंगचे बोल्ट सोडून दोन्ही तोंडांमध्ये चारही बाजूंनी फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घाला, १०० मिमीच्या कपलिंगला फरक ०.१ मिमीच्या आत हवा. आणि शिडावर जाताना पंखा मोकळा फिरत असेल तर इंजिन बंद असूनही बेअरिंग झिजतंच, तेव्हा रिव्हर्समध्ये टाकून ठेवायला चालतं का ते तुमच्या गिअरबॉक्सच्या पुस्तकात बघून घ्या.