गंज हा पुरावा नव्हे : चित्रपटातल्या तलवारीची नक्कल घेताना झालेली फसवणूक

मालवणातल्या एका संग्राहकाने दिवाळीनंतर ४२ हजार रुपये मोजून 'आंदुरिल' घेतली. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' मालिकेतल्या तिसऱ्या, २००३ सालच्या चित्रपटात नार्सिल या मोडलेल्या तलवारीचे तुकडे जोडून नायक आरागॉर्नसाठी पुन्हा घडवलेली ती लांब तलवार. विक्रेत्याचे फोटो लख्ख होते. सोबत भिंतीवर लावायची लाकडी पाटी, छापील प्रमाणपत्र आणि 'लायसन्स्ड, युनायटेड कटलरी' (चित्रपटातल्या तलवारींच्या परवानाधारक प्रतिकृती बनवणारी कंपनी) असा स्पष्ट उल्लेख. निम्मे पैसे यूपीआयने आगाऊ गेले, उरलेले कणकवलीला कुरियरवाल्याकडून खोका हातात पडण्याआधी. पुढे मृगाचा पाऊस लागला आणि पंधरा दिवसांत पात्यावर तांबूस ठिपके उठले. त्याने विक्रेत्याला कळवलं की स्टेनलेस म्हणून विकलीत ती गंजली, म्हणजे माल डुप्लिकेट आहे. उत्तर आलं, "समुद्राच्या हवेत ठेवलीत, त्याला आम्ही काय करणार?"

फसवणूक झालीच होती. पण विक्रेत्याचं हे एवढं एक वाक्य खरं होतं आणि तिथेच तक्रार लुळी पडली. नक्कल ओळखायच्या पक्क्या खुणा त्या तलवारीवर होत्या. त्या सोडून तक्रार उभी केली ती गंजावर.

या कंपनीच्या आणि बाजारातल्या बहुतेक शोभेच्या तलवारींचं पातं ४२० जातीच्या स्टेनलेसचं असतं, बरेचदा ४२०जे२. त्यात क्रोमियम १२ ते १४ टक्के. क्रोमियममुळे पृष्ठभागावर ऑक्साइडचा अगदी पातळ पापुद्रा धरतो आणि तोच गंज रोखतो. हवेतल्या मिठाचा क्लोराइड हा पापुद्रा ठिकठिकाणी फोडतो, मग त्या सुईच्या टोकाएवढ्या जागी गंज आत उतरतो. घरातल्या ३०४ जातीच्या भांड्यांत क्रोमियम १८ टक्क्यांच्या आसपास आणि वर ८ टक्के निकेल असतं, म्हणून ती बंदराकाठीही टिकतात. ४२० ला तेवढा आधार नाही. देवगड, मालवण, वेंगुर्ला, हर्णै, कुठेही किनाऱ्यालगतच्या घरात उघडी ठेवलेली अस्सल तलवारसुद्धा एका पावसाळ्यात ठिपके धरेल. ठिपक्यांवरून अस्सल की नक्कल हे ठरत नाही. ट्रकच्या पाट्याचा कोयता याहून लवकर गंजतो, पण तो रोज हाताळला जातो, पुसला जातो, तेल खातो, म्हणून चालतो. भिंतीवरच्या तलवारीला महिनोन्महिने कोणी हात लावत नाही.

आता पुराव्याकडे येऊ.

पहिली आणि सर्वांत भक्कम कसोटी लांबीची. युनायटेड कटलरीच्या आंदुरिलची, म्हणजे यूसी १३८० या मॉडेलची, टोकापासून मुठीच्या शेवटापर्यंत एकूण लांबी सुमारे १३४ सेंमी, जवळपास ५३ इंच. मालवणात आलेली तलवार भरली ११९ सेंमी. पंधरा सेंमीच्या फरकाला हवामान, हाताळणी, वाहतूक यांतलं कोणतंच कारण चालत नाही. हे मोजमाप पैसे देण्याआधीच करून घेता येतं. तलवार जमिनीवर आडवी ठेवून शेजारी स्टीलचा टेप पूर्ण उलगडलेला, टोक आणि मूठ दोन्ही एकाच चौकटीत, असा फोटो मागा आणि त्यात त्या दिवसाचं वर्तमानपत्र ठेवायला सांगा. ज्याच्याकडे वस्तू हातात आहे त्याला हे दोन मिनिटांचं काम. दुसऱ्याचे फोटो वापरणारा इथेच टाळाटाळ करू लागतो. हा फोटो न मिळाल्यास सौदा सोडून द्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

त्यानंतर लोहचुंबक. ४२० चं पोलाद चुंबकाला घट्ट धरतं. ३०४ जवळजवळ धरत नाही, अ‍ॅल्युमिनियम, पितळ आणि जस्ताचा मिश्रधातू तर मुळीच नाही. चुंबक पात्यावरून घसरला तर ४२० चा दावा तिथेच संपला. यावर विक्रेत्यांकडे एक ठरलेलं स्पष्टीकरण असतं. शूटिंगमध्ये तलवारी अ‍ॅल्युमिनियमच्याच होत्या, म्हणून ही हलकी आहे. यातला पहिला अर्धा भाग खरा आहे. चित्रपटाची शस्त्रं बनवणाऱ्या वेटा वर्कशॉपचे तलवार-कारागीर पीटर लायन यांनी जवळून दाखवायच्या तलवारी पोलादाच्या घडवल्या, मारामारीसाठी अ‍ॅल्युमिनियमच्या आणि पडझडीच्या दृश्यांसाठी रबरासारख्या मऊ मालाच्या नकला वापरल्या गेल्या. पण दुकानात विकली जाणारी परवानाधारक प्रतिकृती ही वेगळी वस्तू आहे आणि तिचं पातं स्टेनलेसचं. पोलादाची घनता सुमारे ७.८, अ‍ॅल्युमिनियमची २.७. त्याच आकाराचं पातं पोलादात ८०० ग्रॅम भरलं तर अ‍ॅल्युमिनियममध्ये २८० च्या आसपास भरेल. मासळी तोलायच्या हूकच्या काट्यावरही हा फरक लपत नाही.

उलट चुंबक धरला म्हणून तलवार अस्सल ठरत नाही, कारण नकलाही बहुधा ४२० मध्येच कापतात. पात्यावर '४२०' किंवा 'स्टेनलेस' असा ठसा असेल तर त्यालाही काही किंमत देऊ नका. ठसा कोणालाही मारता येतो.

पात्यावरची अक्षरं पाहताना खरी नजर लागते. आंदुरिलच्या पात्यावर लेख आहे, सूर्य-चंद्राच्या खुणा आहेत. अस्सल प्रतिकृतीत अक्षरं धातूत कोरलेली असतात. नखाचं टोक आडवं फिरवलं तर किंचित अडकतं आणि भिंगाखाली कडा स्वच्छ दिसतात. स्वस्त नक्कल शाईने छापलेली असते. नेलपॉलिश रिमूव्हर लावलेला कापसाचा बोळा एका अक्षराच्या शेपटावर टेकवला की काळं उतरतं. मधल्या दर्जाच्या नकला अवघड, कारण त्यांतही कोरीवकाम असतं. तिथे फोटोवरून नक्षी उचललेली असल्यामुळे बारीक रेघा एकमेकींत मिसळतात, टोकं गोल होतात, एखादं चिन्ह गळतं किंवा दोन चिन्हांतली अंतरं असमान पडतात. कंपनीच्या अधिकृत फोटोशी अक्षरामागून अक्षर ताडून पाहायला अर्धा तास लागतो. तो द्यायलाच हवा. मालवणच्या तलवारीत लेखाचं शेवटचं टोक मुठीजवळ येता येता दाबून बसवलेलं होतं, कारण पातं आखूड आणि नक्षी मूळ लांबीची. लांबीच्या फरकाशी जुळणारा हा दुसरा स्वतंत्र पुरावा होता.

'होता' म्हणायची वेळ आली, कारण गंज काढण्यासाठी पातं आधी आमसुलाने चोळलं गेलं, मग पॉलिश पेपरने. समई आणि तांब्या आमसुलाने उजळतात हे कोकणातल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. पितळ-तांब्यावर ते ठीक. पोलादावर आधीच मीठ बसलेलं असताना वर आम्ल चोळलं की पापुद्रा आणखी फुटतो. पेपरने तर अक्षरांच्या कडाच गेल्या. तारेची घासणीही वापरू नये. तिचे लोखंडी कण पात्यात रुतून स्वतः गंजतात.

मूठ, क्रॉसगार्ड म्हणजे मुठीवरची आडवी दांडी, आणि टोकाचा जड लट्टू यांवर बरेच जण विसंबतात. आम्ही या भागाला कमी वजन देतो. साच्याची बारीक शिवण, मुलाम्याखालचा करडा जस्ताचा मिश्रधातू, हे शोभेच्या तलवारींत सगळीकडेच आढळतं आणि त्यावरून अस्सल-नक्कल ठरत नाही. मुलामा फुटला की किनाऱ्यावर तिथे पांढरी भुकटी धरते, तेही जस्ताचं नेहमीचं वागणं. क्रॉसगार्ड हलत असेल, तलवार हलवल्यावर मुठीत खडखड होत असेल, तर जोडणी सैल आहे एवढंच समजावं.

त्या जोडणीचा धोका मात्र वेगळा आहे आणि तो अस्सललाही लागू होतो. शोभेच्या तलवारीत पात्याची मुठीत जाणारी शेपटी, म्हणजे टँग, बरेचदा अरुंद असते. तिला आटे पाडलेली सळी वेल्डिंगने जोडून लट्टूखाली नट आवळलेला असतो. रुंद पातं एकदम अरुंद होतं तिथे ताण एकवटतो आणि वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारचं पोलाद ठिसूळ झालेलं असतं. अशी तलवार कोणी शहाळ्यावर चालवून पाहिली तर एक मीटर लांबीचं पातं मुठीतून सुटून समोरच्याच्या अंगावर जाऊ शकतं. "पूर्ण टँग आहे, वापरता येईल" हे तोंडी आश्वासन कोणाचंही मानू नका.

प्रमाणपत्राने सर्वाधिक माणसं फसतात. आवृत्ती क्रमांकित, म्हणजे प्रत्येक तलवारीला स्वतंत्र क्रमांक दिलेली, नसेल तर तो कागद विशिष्ट तलवारीशी बांधलेला नसतो. त्यामुळे खरी पाटी, खरं प्रमाणपत्र आणि नकली तलवार असा संच सहज जुळवता येतो. कागद खरा आहे एवढं पाहून समाधान मानू नये. माल नुकताच परदेशातून आणला असं सांगितलं असेल तर कस्टम्सची बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाची नोंदपावती, मागा. तिच्यावर वस्तूचं वर्णन आणि किंमत असते. जुनी, दुसऱ्या हातची वस्तू असेल तर मूळ खरेदीचं बिल.

'लायसन्स्ड' या शब्दानेही घोटाळा होतो. त्याचा अर्थ चित्रपटाचे हक्क असणाऱ्यांनी नक्कल बनवायला दिलेली परवानगी. शस्त्र परवान्याशी त्याचा काही संबंध नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची धारदार, घातक हत्यारं पाचव्या वर्गात येतात आणि तलवारीचं नाव तिथे स्पष्ट आहे. म्हणून मागवण्याआधी बोथट, शोभेची वस्तू असल्याचं लिहून आपल्या पोलीस ठाण्यात विचारा आणि लोहाराकडे नेऊन धार कधीही लावू नका. हे आधी केलेलं असलं की विक्रेत्याची शेवटची धमकी फुसकी ठरते. मालवणच्या प्रकरणात ती आलीच होती: "पोलिसात गेलात तर तलवार मागवली म्हणून तुमच्यावरच केस होईल." या भीतीने तीन महिने वाया गेले.

पैसे गेल्याचं कळताच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा किंवा सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाकायची. पहिल्या काही तासांत रक्कम पुढच्या खात्यात गोठवली जाण्याची शक्यता असते, नंतर ती झपाट्याने घटते. यूपीआयचा १२ अंकी संदर्भ क्रमांक लागतो. विक्रेता धंदा करणारा असेल तर ग्राहक आयोगाचा मार्ग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे मालवणच्या माणसाने विक्रेत्याच्या शहरात खेपा घालायची गरज नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. तक्रारीत गंजाचा शब्दही घालू नका. जाहिरातीत अमुक कंपनी, अमुक मॉडेल. त्या मॉडेलची लांबी १३४ सेंमी. मिळाली ११९ सेंमी. सोबत टेपसह फोटो. दुसऱ्या पक्षाला हवामानाकडे बोट दाखवायला जागा राहत नाही.

खोका फोडताना सलग व्हिडिओ घ्या, कुरियरच्या चिठ्ठीपासून सुरू करून. चिठ्ठीवर छापलेलं पार्सलचं वजनही पुरावा असतं, म्हणून खोका टाकू नका. जाहिरात काढून टाकली जाते, तेव्हा तिचे स्क्रीनशॉट पैसे देण्याआधीच घेतलेले असावेत.

आणि तक्रार निकाली निघेपर्यंत पात्याला घासू नका. मऊ फडकं विहिरीच्या गोड्या पाण्यात भिजवून मीठ पुसायचं, लगेच कोरडं करायचं, शिलाईयंत्राच्या तेलाचा पातळ हात द्यायचा. चामड्याचं म्यान बाजूला ठेवायचं, त्यात ओल आणि मीठ दोन्ही धरून राहतात आणि आषाढात बुरशी येते. मग पातं सुती कापडात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्यांसह, त्याच मूळ खोक्यात.